‘द सॅकेट्स’मधले तीन भाऊ पश्चिमेला का गेले?

प्रश्न: १९७९ सालची ‘द सॅकेट्स’ ही लघुमालिका नुकतीच पाहिली. टेनेसी सोडून निघालेल्या टेल, ऑरिन आणि टायरेल या तिघा भावांचा हेतू एकच होता, असे आपल्याला वाटते का?

प्रतिसाद १: मला तसे वाटत नाही. टेल सोन्याच्या शोधात डोंगरात शिरतो. टायरेलने मात्र भावाच्या लग्नातच जुन्या वैऱ्याला गोळी घातलेली असल्यामुळे त्याला घर सोडण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रतिसाद २: ऑरिनला विसरू नये. गुरांचे कळप हाकणारा हा माणूस न्यू मेक्सिकोत कायद्याचा रखवालदार होतो आणि ग्लेन फोर्डने साकारलेल्या टॉम संडेशी असलेली मैत्री त्या पदापायीच तुटते. तो भाग माझ्या फार जिव्हारी लागला.

प्रश्नकर्ता: पटले. टॉमचे प्रसंग आज पुन्हा पाहतो.