सांदवाडीला आडोसा पाहिजे, अन् भाजीपालाही. काय करू?

दारव्ह्याकडची सून
घरामागं 30 बाय 40 फुटांची सांदवाडी. तिथंच न्हाणी, धुण्याचा दगड अन् एक जुना कडूलिंब. आजवर तुराट्यांचा कुड होता. तूर निघाली की सासरे दरसाल नवा बांधायचे. ते गेले, अन् दोन वर्षांत उदईनं (वाळवीनं) कुड खाऊन टाकला. त्यात उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचं घर दुमजली झालं. गच्चीवर पोरं मोबाईल घेऊन उभी असतात. पोरं वाईट नाहीत, पण न्हाऊन बाहेर येऊन केस झटकायचीही चोरी झाली. सासूबाई तर अंधार पडल्याशिवाय मागं जात नाहीत. हे म्हणतात, विटांची भिंत घालू. मिस्त्रीनं सांगितलेला आकडा ऐकून मी गप्प बसले. नळ एक दिवसाआड येतो. मला वांगी, भेदरं (टोमॅटो), सांबार (कोथिंबीर), पालक एवढं तरी घरचं हवं.

वावरवाला
ताई, माती काळी असन तर भिंतीचा नीट इचार करा. उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा पडते, पावसाळ्यात तेच माती फुगते. पायवा मुरमापर्यंत नाही गेला तर भिंतीले तडा ठरलेला. आमच्या भिंतीतून शेजाऱ्याची कोंबडी येते आता. अन् गच्चीवरून दिसते त्याले भिंत काय करन? वरून झाका. न्हाणीच्या दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत बांबू-ताराचा मांडव टाका, 7 फूट उंच.

तोंडलीवाली
मांडव बरोबर आहे, पण दोडका-कारलं एका हंगामात वाळतं. मग मे महिन्यात पुन्हा उघडंच! तोंडली लावा. एकदा जमली की तीन-चार वर्षं हलत नाही. थंडीत रुसते, उन्हापावसात सुटते. फळं येतात त्याच वेलाची पेन्सिलीएवढी जाड कांडी मागून आणा, बी नको. वेल चढेपर्यंत हिरवी नेट बांधा. न्हाणीचं पाणी केळी अन् धोप्याला (अळूला) वळवा, पालक-सांबाराला साबणाचं पाणी देऊ नका.

दारव्ह्याकडची सून
अन् रस्त्याच्या बाजूला शेवग्याची रांग लावली तर? शेंगाही मिळतील.

तोंडलीवाली
धुण्याच्या दोरीजवळ शेवगा नका लावू बाई. सुरवंट पडले की कपड्यात जातात अन् अंगावर गांध्या उठतात, मी भोगलंय. शिवाय खाली नुसतं खोड राहतं, आडोसा कसला. लावायचाच तर कोपऱ्यात एक, अन् 3 फुटांवर शेंडा खुडून टाका म्हणजे फांद्या फुटतील.

वावरवाला
रस्त्याकडं दोन ओळी तूर पेरा जी. जूनात पेरली की पोळ्यानंतर आडोसा होते, शेंगा खाता येते, अन् तुराट्या घरच्याच. बेशरमीचं कुंपण मात्र नका करू, बकरीनं खाल्लं तर बकरी जाते. हेटीचं (हादग्याचं) एखादं झाड असू द्या, फुलांची भाजी होते. वानरांचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही.

दारव्ह्याकडची सून
सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. तूर म्हटल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या; म्हणाल्या, "मंग कुड बांधणं मीच शिकवतो तुले." तोंडलीच्या कांड्या त्यांच्या माहेरून येताहेत. हे अजून विटांचा हिशेब करत बसलेत.