सही माझी, पण राजीनामा कुणाचा?

प्रश्न: शुक्रवारी साडेपाचला एचआरनं केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझ्या नावाचा राजीनामा टाइप करून तयार, तारखेसकट! "सही करा, नाहीतर काढल्याचं पत्र देतो." हात थरथरत होता, केली सही. आता म्हणतात, तुम्ही स्वखुशीनं सोडलंत.

उत्तर: कागदावरच्या मथळ्याला फारसा अर्थ नसतो. नोकरी संपवायचं आधी कुणी ठरवलं, हे बघतात. मजकूर त्यांचा, विचार करायला वेळ नाही, वर धमकी; असं असेल तर ती बडतर्फीच धरली जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारानुसार काढायला सबळ कारण लागतं. राजीनामा दाखवला की ते द्यावंच लागत नाही, म्हणून हा खटाटोप.

दुसरं उत्तर: बरोबर, पण दबाव होता हे सिद्ध तुम्हालाच करावं लागेल. आजच ईमेल टाका: सही दबावाखाली घेतली, राजीनामा मागे घेतोय, कामावर यायला तयार आहे. आणि दाद मागायची मुदत बघा, ती बरेचदा फारच कमी असते.

प्रश्नकर्ता: ईमेल टाकला. एक विसरलोच, त्या टाइप केलेल्या राजीनाम्यात माझं आडनावसुद्धा चुकलेलं होतं.

उत्तर: मग त्याची प्रत जिवापाड जपा!