बाबांचा पेसमेकर बदलायचाय, सीआरटी करू की लेफ्ट बंडल?

भांडुपकर:
बाबा ७१ वर्षांचे, ६ वर्षांपूर्वी हार्ट ब्लॉकसाठी पेसमेकर बसवला तेव्हा इएफ (हृदयाच्या पंपिंगची टक्केवारी) ५५ होता, आता ३५ वर आलाय. अँजिओग्राफी क्लिअर. स्टेशनचा जिना चढताना दोनदा थांबतात आणि संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. एक डॉक्टर म्हणतात सीआरटी करा, दुसरे म्हणतात लेफ्ट बंडल पेसिंग. डोकं चालेनासं झालंय, कोणाच्या घरी झालंय का?

कॅथलॅबवाली:
दादा, मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रोज हेच बघते. जुनी वायर उजव्या कप्प्यात असते, तिथून ठोका दिला की उजवी बाजू आधी आवळते आणि डावी मागून, असं वर्षानुवर्षं चाललं की काही जणांचं पंपिंग उतरतं. सीआरटीत अजून एक वायर कोरोनरी सायनसच्या शिरेतून डाव्या कप्प्यावर नेतात म्हणजे दोन्ही बाजू एकत्र चालतात. लेफ्ट बंडलमध्ये वायर मधल्या पडद्यात स्क्रूसारखी फिरवत नेतात आणि हृदयाचं स्वतःचं वायरिंगच पकडतात. हे २०१७ पासूनचं, सीआरटीचा अनुभव त्याहून खूप जुना, त्यामुळे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात यात नवल नाही. आधी डिव्हाइस चेकचा रिपोर्ट काढा, खालच्या कप्प्याचं पेसिंग किती टक्के आहे, म्हणजे शंभरातले किती ठोके मशीन देतंय, ते बघा. आणि सूज आहे ना, मग पुढच्या तारखेची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा.

मुलुंडची सून:
सासूबाईंचं सीआरटी झालंय. घरी आल्यावर डाव्या कुशीवर वळल्या की ठोक्यागणिक पोट उडायचं, उचकीसारखं, अगदी पदरावरून दिसायचं. आम्ही जाम घाबरलो. वायर श्वासपटलाच्या (छाती-पोटामधल्या स्नायूच्या) नसेजवळ होती म्हणे, मशीन लावून सेटिंग बदललं आणि थांबलं, परत ऑपरेशन नाही लागलं. आता मंडईत स्वतः जातात, त्यामुळे सीआरटी नको असं मी तरी नाही म्हणणार.

भांडुपकर:
रिपोर्ट फाइलमध्येच होता, ९८ टक्के लिहिलंय!! डॉक्टरांना फोन केला, लघवीची गोळी वाढवलीय. ताई, एक नाही जमलं तर त्याच वेळी दुसरं करतात का?

कॅथलॅबवाली:
हो करतात, पण दोन्हींत हातखंडा असलेला डॉक्टर हवा, हे थेट विचारा, संकोच करू नका. जुन्या वायरीमुळे खांद्याजवळची शीर कधीकधी अरुंद झालेली असते, ती डाय (शीर एक्स-रेत दिसावी म्हणून टोचतात ते औषध) देऊन आधी बघतात का तेही विचारा, आणि डाय म्हटलं की काकांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी सांगा, डायचा किडनीवर ताण येऊ शकतो.