फ्रॅटर्निटीत जाण्याआधी काय माहीत असायला हवं? तुमचे, तुमच्या मुलांचे अनुभव सांगा

जर्सीतला_ठाणेकर

गराज आवरताना एका खोक्यात लाकडी पॅडल सापडलं. वल्ह्यासारखी फळी, पुढे रंगवलेली तीन ग्रीक अक्षरं, मागे सगळ्यांच्या सह्या. फ्रॅट म्हणजे फ्रॅटर्निटी, अमेरिकन कॉलेजांतली ग्रीक अक्षरांच्या नावाची मुलांची संघटना. तिथे नवा आलेला 'लिटल' आपल्याला सांभाळणाऱ्या जुन्या सदस्याला, 'बिग'ला, असं पॅडल देतो, माझ्या लिटलने मला दिलं होतं. त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. भाचा ऑगस्टमध्ये कॉलेजला चाललाय आणि फ्रॅट जॉइन करायचं म्हणतोय. "तू होतास ना रे, तूच सांग त्याला." फोनवर धड सांगता येईना, म्हणून इथे लिहितोय.

अकरावीत असताना मी आईबाबांबरोबर ठाण्याहून न्यू जर्सीला आलो. कॉलेज न्यूयॉर्क राज्याच्या पार वरच्या टोकाला, बर्फात. तेव्हा देशी मुलांच्या फ्रॅट नव्यानेच उभ्या राहत होत्या. सिग्मा बीटा ऱ्हो १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाली, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये ऑस्टिनला. माझी या दोन्हींतली नव्हे. गोऱ्या मुलांच्या जुन्या फ्रॅटच्या घरांवरून जाताना आत जायचा धीर व्हायचा नाही, आणि इथे कोणीतरी माझं नाव नीट उच्चारून हाक मारली. बस, मला तेवढं पुरलं.

मग प्लेजिंगचं सत्र, म्हणजे पूर्ण सदस्य होण्याआधी नव्यांना पारखायचा काळ. जळती काडी बोटांत धरायची आणि ती विझायच्या आत अल्फापासून ओमेगापर्यंत सगळी अक्षरं म्हणायची. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा. रात्री दोनला फोन, पार्किंग लॉटमध्ये रांगेत उभं राहायचं, मान खाली, आपसांत बोलायचं नाही. आमच्यातला एक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कँटीनमध्येसुद्धा बोलायचं नाही असा हुकूम निघाला. काडीचा चटका मी विसरलो, पण तो मुलगा ट्रे घेऊन एकटा बसलेला अजून दिसतो.

आणि याच मुलांनी, बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा, ऐन परीक्षेच्या आठवड्यात रात्रभर गाडी हाकून मला घरी पोचवलं. एक जण आयसीयूच्या बाहेर खुर्चीतच झोपला. आजही अर्ध्या रात्री फोन केला तर येतील.

दोन्ही खरं आहे. भाच्याला मी एवढंच सांगणार आहे की बिड, म्हणजे फ्रॅटचं बोलावणं, घेतली म्हणजे लग्न लागलं नाही. इनिशिएशन, म्हणजे पूर्ण सदस्य करून घेण्याचा विधी, होईपर्यंत कुठल्याही दिवशी, कारण न सांगता निघता येतं. आणि सोडून गेलेल्या मुलांशी ते कसं वागतात, हे रशच्या वेळीच, म्हणजे नवे आणि फ्रॅटवाले एकमेकांना पारखतात तेव्हाच, शोधून काढ. जेवणं, हसणं, सूट घालून केलेली भाषणं सगळीकडे चांगलीच असतात.

तुमचे अनुभव लिहा. मुलींचेही.

चिंचगूळ

डबे भरता भरता लिहितेय. लेक टेक्सासमध्ये, सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या फ्रॅटमध्ये. तिथे क्लास सुरू व्हायच्या आधीच ऑगस्टच्या उन्हात रश असतो. रोज चार-पाच घरं, प्रत्येक घरी टाळ्या, गाणी, तेच प्रश्न. रात्री घरवाल्या नव्या मुलींची पसंतीनुसार यादी लावतात, मुली घरांची. एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. शेवटी एका कागदावर सही घेतात. त्यात तुम्ही पसंतीक्रमात लिहिलेल्या घराची बिड आली आणि ती नाकारली, तर त्या कॅम्पसवर वर्षभर दुसऱ्या कुठल्या सोरोरिटीत जाता येत नाही. म्हणून नको असलेलं नाव "असू दे आपलं" म्हणून लिहायचं नाही!! बाकी रात्री लिहिते, बस आली.

रिकामटेकडा_पुणे

हे वाचून आमचं हॉस्टेल आठवलं. सालं तेच, फक्त ग्रीक अक्षरं नव्हती. रात्री दोनला उठवून ओळख परेड.

बांगडाफ्राय

@रिकामटेकडा कुठलं हॉस्टेल? आम्ही ९३ ची बॅच. मान खाली आणि शर्टाचं तिसरं बटण बघायचं.

रिकामटेकडा_पुणे

तिसरं बटण!! म्हणजे सगळीकडे एकच अभ्यासक्रम होता तर. नाव नको इथे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ ला आला, आम्ही तोवर बाहेर पडलो होतो. माझा रूम पार्टनर पहिल्या टर्मलाच परत गावी गेला. हुशार होता हो, माझ्यापेक्षा कितीतरी. पुढे काय झालं त्याचं, माहीत नाही.

बांगडाफ्राय

😔 असे प्रत्येक बॅचमध्ये एकदोन असायचेच.

अपरात्र

ओहायोत ईआरमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, नर्स आहे. रात्रपाळी संपवून आलेय, तरी हे लिहून मगच झोपते.

फ्रॅटमधून येणारा पोरगा बहुतेक वेळा उशिरा येतो. "झोपू दे, सकाळी उतरेल" असं म्हणून त्याला सोफ्यावर टाकलेलं असतं. दारू पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात उतरतच असते. म्हणजे झोपल्यावरही माणूस आणखी चढत जातो. पाठीवर दप्तर अडकवून झोपवतात, उताणा होऊ नये म्हणून. दप्तराने काही होत नाही. हाक मारून, चिमटा काढून जाग येत नाही, अंग गार, ओठ निळसर, दोन श्वासांत दहा सेकंद जाताहेत, यातलं एक जरी दिसलं तरी ९११ ला, तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन. तोवर कुशीवर ठेवायचं आणि शेजारून हलायचं नाही. कॉफी नको, गार शॉवर नको.

मुलं फोन करत नाहीत कारण सगळी २१ च्या आतली, म्हणजे दारूच्या कायदेशीर वयाखालची. त्यांना वाटतं पोलीस आपल्यालाच धरतील. बऱ्याच राज्यांत जीव वाचवायला फोन करणाऱ्याला संरक्षण आहे. फ्लोरिडाने २०१९ ला हेझिंगच्या, म्हणजे इथल्या रॅगिंगच्या, कायद्यातच लिहिलं की पहिला फोन करून मदत येईपर्यंत थांबणाऱ्यावर खटला नाही. आपल्या राज्याचं काय आहे ते मुलाला घरून निघायच्या आधी वाचायला लावा. माझ्या मुलाच्या फोनमध्ये मी ते चिकटवून ठेवलंय.

ओवा

ताई, आधी झोपा. फार उपयोगी लिहिलंत. 🙏

कांदेपोहे_इन_शिकागो

पण काही फ्रॅट 'ड्राय' असतात ना? आमच्या चिरंजीवांना बोलावणारे म्हणतात की घरात दारू नाही. आणि मुळात देशी, एशियन मुलांच्या फ्रॅटमध्ये हा प्रकार कमी असेल असं वाटतं.

जर्सीतला_ठाणेकर

@कांदेपोहे, दोन्ही समज मनातून काढा, कळकळीने सांगतो.

फेब्रुवारी २०१७, पेन स्टेट विद्यापीठ. टिमोथी पियाझा, १९ वर्षांचा. ते घर नावाला दारूमुक्तच होतं, घरात कॅमेरेही होते. बिड घेतल्याच्या रात्रीच त्याला भराभर दारू पाजली, तो तळघराच्या जिन्यावरून पडला. ९११ ला फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळपास बारा तासांनी. कॅमेऱ्यांत सगळं टिपलं गेलं होतं. त्याच्यासाठी दप्तरही आणलं होतं, अपरात्र म्हणतात तेच. त्याच्या नावाचा कायदा पेनसिल्व्हेनियात २०१८ ला झाला.

एशियन म्हणाल तर २०१३, न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा मुलगा, एशियन-अमेरिकन फ्रॅट. पोकोनोच्या डोंगरात भाड्याचं घर घेतलं, डोळे बांधून वाळूने भरलेली बॅग पाठीवर दिली आणि गोठलेल्या अंगणात एकामागून एक अंगावर धावून पाडलं. बेशुद्ध झाल्यावर लगेच दवाखान्यात नेलं नाही, आधी इंटरनेटवर लक्षणं शोधत बसले. तो गेला. त्या विधीला समाजातल्या अडथळ्यांचा, 'ग्लास सीलिंग'चा अर्थ चिकटवलेला होता. आम्हालाही असेच मोठमोठे अर्थ सांगायचे, आईवडिलांचा त्याग वगैरे. अठरा वर्षांच्या पोराला ते खरं वाटतं, म्हणून तो उठून जात नाही. एक ओळखून ठेवा: "शनिवार-रविवार बाहेर जायचंय, कुठे ते विचारू नको, फोन जमा कर" असं म्हटलं की तिथूनच परत फिरायचं.

कांदेपोहे_इन_शिकागो

वाचून पोटात गोळा आला. आज रात्रीच बोलतो.

हिशेबतपासनीस

पैशांबद्दल कोणी बोललं नाही अजून. आमच्याकडे थोरल्या मुलाने जॉइन केलं, तक्रार काही नाही, पण आधी माहीत असतं तर बरं झालं असतं असं बरंच आहे.

दर सत्राचे ड्यूज, म्हणजे वर्गणी. नव्या मेंबरची वेगळी फी. इनिशिएशनची वेगळी. मध्यवर्ती संस्थेचा हिस्सा आणि विमा कधी ड्यूजमध्ये, कधी वरून. टी-शर्ट प्रत्येक कार्यक्रमाला नवा. फॉर्मलचा, म्हणजे नटूनथटून जायच्या पार्टीचा, सूट, बस, हॉटेल. मीटिंगला गैरहजर राहिलं तर दंड. सगळ्यात मोठा खर्च राहण्याचा. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षी फ्रॅटच्या घरात राहणं सक्तीचं असतं, आणि ते पहिल्याच वर्षी लिहून घेतात. त्या घराचा करार वेगळ्या हाऊसिंग कॉर्पोरेशनशी होतो. मुलगा मध्येच बाहेर पडला तरी भाडं सुटत नाही, थकलं तर वसुलीवाल्यांकडे जातं. १८ पूर्ण म्हणजे सही त्याची, तुम्हाला कागद दिसतही नाही. "सही करण्याआधी फोटो काढून मला पाठव" एवढं सांगून ठेवा.

चांगलंही सांगतो. आमचा पोरगा घराचा खजिनदार झाला, साठ मुलांच्या जेवणाचं बजेट बसवलं, कुकला पगार, फुटलेल्या पाइपचा प्लंबर, सगळं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत त्यावरच बोलला. घरी मात्र चहाचा कप उचलत नाही.

चिंचगूळ

कपाचं अगदी अगदी!! 😂

नाशिकची_द्राक्षं

माझा मुलगा या फॉलला एमएससाठी जातोय. त्याला या भानगडीत पडावं लागेल का? खूप घाबरले हे वाचून.

जर्सीतला_ठाणेकर

काकू, अजिबात घाबरू नका. या सोशल फ्रॅट बॅचलर्सच्या मुलांच्या. मास्टर्सच्या मुलांना सहसा बोलावतही नाहीत. त्याला फक्त पार्टीनंतर गाडी चालवायची नाही एवढं बजावा. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो.

नाशिकची_द्राक्षं

जीव भांड्यात पडला. धन्यवाद दादा. तो पीत नाही, पण सांगते.

ओवा

ज्यांना गट हवाय पण हा ताप नको, त्यांच्यासाठी: ग्रीक अक्षरं म्हणजे दरवेळी दारूचं घर नाही. मी अल्फा फाय ओमेगात होते. १९२५ ला लाफायेत कॉलेजात निघालेली सेवाभावी फ्रॅटर्निटी, मुलगे-मुली दोन्ही. शनिवारी फूड बँकेत डबे लावायचो, रविवारी झोपायचो. माझे सगळ्यात जवळचे मित्र तिथलेच. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी थीटा टाऊ आहे, बिझनेसवाल्यांसाठी अल्फा कापा साय, दोन्ही १९०४ च्या. पण तिथेही प्लेजिंग असतं, तेव्हा ठाणेकरांचे प्रश्न तिथेही विचाराच. आणि फाय बीटा कापाचं पत्र आलं तर तो मार्कांचा मान आहे, घाबरून फाडू नका, आमच्या ओळखीत एकांनी खरंच फाडलं होतं.

डॅलसकर_आजोबा

नातवंडं लहान आहेत. वाचतोय. सर्वांनी छान माहिती दिली. आमच्या वेळी सोलापुरात तालीम होती, वस्ताद होते, तेही पोरांना राबवायचे, पण दूध पाजायचे.

अपरात्र

आजोबा 😄 असा वस्ताद इथे हवा होता.

उठले आता. एक राहिलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हेझिंगवर राष्ट्रीय कायदा झाला, स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट. त्याप्रमाणे कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर अहवाल टाकावा लागतो. कोणत्या संस्थेने काय केलं, कधी, काय शिक्षा झाली, नावासकट. कॉलेजचं नाव आणि हेझिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट असं शोधा. मुलाने घरांची नावं सांगितली की आधी तिथे बघायचं. यादीत नाव नाही म्हणजे सगळं स्वच्छ असं नव्हे, कारण तिथे येतात ती चौकशीत सिद्ध झालेली प्रकरणं. पण नाव असेल तर प्रश्नच मिटला.

कांदेपोहे_इन_शिकागो

बघितलं आत्ता. आमच्याला बोलावणाऱ्यांचं नाव आहे. प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षा म्हणून कॉलेजच्या निगराणीखाली. पोराला स्क्रीनशॉट पाठवलाय, त्याचं उत्तर: "त्यांनी हे सांगितलं नव्हतं." फोन करतो म्हणालाय.

जर्सीतला_ठाणेकर

फोनवर ओरडू नका त्याच्यावर. त्याला म्हणा, त्यांना तोंडावर विचार की प्रोबेशन कशामुळे लागलं. स्वतः नीट सांगणारे असतात, आणि विषय बदलणारेही असतात. भाच्यालाही हेच शिकवतोय.

चिंचगूळ

आले परत. कोणी विचारलं होतं का माहीत नाही, पण सोरोरिटीच्या घरात शाकाहारी जेवण मिळतं. फक्त ऑगस्टमध्येच कुकला जाऊन सांगायचं, नाहीतर वर्षभर सॅलड. खोलीत कुकर चालत नाही, फायर अलार्म वाजतो.

नाशिकची_द्राक्षं

मास्टर्सवाल्यांना अपार्टमेंटमध्ये चालतो ना कुकर? तीन लिटरचा घेऊन ठेवलाय.

ओवा

चालतो काकू. शिट्ट्या आणि रबर जास्तीचे द्या बरोबर.