मदत हवी आहे: डेबियन १३ वर गेल्यापासून लॅपटॉप पासवर्ड विचारायच्या आधीच अडकतो

नमस्कार. काल रात्रीपासून माझा लॅपटॉप सुरू होत नाहीये. हे फोनवरून लिहिते आहे, तेव्हा टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आधी पार्श्वभूमी सांगते. २०१९ मध्ये या लॅपटॉपवर डेबियन १० (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. तेव्हा इन्स्टॉलरमधला पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद करण्याचा, पर्याय निवडला होता. त्यानंतर पुन्हा कधी कोरं इन्स्टॉलेशन केलं नाही, दहावरून अकरा, अकरावरून बारा असं जागच्या जागीच अपग्रेड करत आले. दोन्ही वेळा काही अडचण आली नाही. काल बारावरून तेरावर गेले. दोनेक तास सगळं व्यवस्थित चाललं होतं. शेवटी शेवटी काही एररच्या ओळी भराभर वर सरकून गेल्या. त्या थांबून वाचायला हव्या होत्या, पण रात्रीचा एक वाजला होता. मी रीस्टार्ट केलं.

आता काय होतं ते सांगते. ग्रबचा, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू नेहमीसारखा दिसतो. पाच सेकंदांनी तो आपोआप पुढे जातो, पडदा काळा होतो, पांढऱ्या अक्षरांत बऱ्याच ओळी येतात आणि सगळं जिथल्या तिथे गोठतं. शेवटच्या ओळींमध्ये 'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग' आणि त्यापुढे 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)' असं लिहिलेलं आहे. एरवी डिस्कचा पासवर्ड मागणारी ओळ येते, ती येतच नाही.

बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा चार्ज करून झाली, यूएसबीला लावलेलं सगळं काढून झालं, चार-पाच वेळा बंद-चालूही करून पाहिलं. बायोसमध्ये फक्त डोकावले, कशालाही हात लावला नाही. तिथे डिस्कचं नाव नीट दिसतं.

मी पुस्तकांच्या सूची करण्याचं काम करते. साडेचारशे पानांच्या एका पुस्तकाची सूची अर्ध्यावर आली आहे आणि शेवटचा बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा आहे. या आठ दिवसांत 'म' ते 'श' झालं, तेच सगळ्यात किचकट होतं. डिस्क गेली का? नव्याने इन्स्टॉल केलं तर फाइली राहतील का? कृपया कोणीतरी सांगा.

प्रतिसाद

रूट, म्हणजे सिस्टीमचा मुख्य भाग, माउंट होत नाही (जोडला जात नाही) म्हणजे डिस्कचंच काहीतरी बिनसलं असणार. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी हुबेहूब हाच मेसेज आला होता. शेवटी सगळं पुसून नव्याने टाकलं, तेव्हा कुठे सुटका झाली. लाइव्ह यूएसबी बनवून घ्या आणि सरळ कोरं इन्स्टॉल करा, एका तासाचं काम आहे.

प्रतिसाद

थांबा! कृपया कोरं इन्स्टॉल करू नका. वरचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला आहे, पण तुमची डिस्क एन्क्रिप्टेड आहे. पासवर्डवरून खरी किल्ली ज्यातून काढली जाते ते हेडर डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असतं. इन्स्टॉलरने त्यावर नवं काही लिहिलं, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही 'म' ते 'श' कायमचं जाईल. मग कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही.

डिस्क गेली असं मला वाटत नाही. एकच गोष्ट नीट पाहून सांगा. ग्रबमध्ये एन्टर दाबल्यावर, बाकीच्या ओळी धावायला लागण्याच्या आधी, वरच्या कोपऱ्यात क्षणभर 'लोडिंग लिनक्स ६.१२…' असं येतं. त्याच्या खाली 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' अशी दुसरी ओळ येते का? फोनवर व्हिडिओ काढलात तर सोपं जाईल, डोळ्यांना ते पटकन सापडत नाही.

धागाकर्ती

व्हिडिओ काढला आणि हळू करून तीनदा पाहिला. फक्त 'लोडिंग लिनक्स' ही एकच ओळ येते. दुसरी नाही.

प्रतिसाद

मग तुमची डिस्क बहुधा ठणठणीत आहे. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या पायऱ्या डोळे झाकून कराव्या लागणार नाहीत.

तुमच्या डिस्कवर बूट नावाचा एक छोटा, कुलूप नसलेला भाग आहे. ग्रब तिथून कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उचलतं. पण कुलूपबंद भाग उघडायला लागणारा प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर त्या कुलूपबंद भागातच असतात. हा पेच सोडवायला त्यांची एक प्रत गाठोड्यात बांधून बूटमध्ये ठेवलेली असते. हीच इनिशियल रॅमडिस्क, किंवा इनिट्रॅमएफएस. कर्नल प्रवासाला निघतो तेव्हा ही शिदोरी बरोबर लागते. पासवर्ड मागणारी ओळसुद्धा या शिदोरीतूनच येते. तुमच्याकडे ती ओळ येत नाही, रॅमडिस्क लोड होत नाही आणि अननोन-ब्लॉकपुढे दोन शून्यं आहेत. तिन्हींचा अर्थ एकच: नव्या कर्नलची शिदोरी बांधलीच गेली नाही. ग्रबला ती सापडली नाही, म्हणून त्याने मेनूत कर्नल नुसताच घातला.

शिदोरी का बांधली गेली नाही याचाही अंदाज आहे, पण आधी आत शिरू या. ग्रबच्या मेनूत दुसरी ओळ 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी असेल. पाच सेकंदांच्या आत खालचा बाण दाबा, म्हणजे घड्याळ थांबेल. आत गेलात की ६.१२ च्या खाली ६.१ ने सुरू होणारं नाव दिसेल. ज्याच्यापुढे 'रिकव्हरी मोड' नाही ते निवडा. हा तुमच्या डेबियन १२ चा कर्नल आहे आणि तेराच्या बाकी सिस्टीमबरोबर तो कामापुरता चालतो.

सुरू झालं तर दुसरं काहीही करण्याआधी सूचीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पुढचं त्यानंतर.

धागाकर्ती

झालं सुरू! पासवर्ड विचारला, आणि तो टाकताना हात थरथरत होते. सगळ्या फाइली जागेवर आहेत. सूची दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि तिथून उघडूनही पाहिली. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

वायफाय चालतंय, आवाज येतोय, पडदा जरा मोठ्या अक्षरांत दिसतोय पण त्याचं काही नाही. आता पुढे काय करू?

प्रतिसाद

उत्तम. टर्मिनलमध्ये बूट भागावर 'डीएफ -एच' चालवा (किती जागा भरली आहे ते दिसेल) आणि आकडे इथे लिहा. बूट फोल्डरमध्ये 'इनिटआरडी' ने सुरू होणाऱ्या फाइली (याच त्या शिदोऱ्या; 'व्हीएमलिनझ' ने सुरू होणाऱ्या म्हणजे कर्नल) किती आहेत आणि केवढ्या, तेही लिहा.

धागाकर्ती

बूटचा आकार २३६ एमबी, वापर ९६%, शिल्लक ९ एमबी. इनिटआरडीच्या तीन फाइली आहेत: ५.१० ची ५० एमबीची, आणि ६.१ च्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या प्रत्येकी ५८ च्या. ६.१२ ची नाही. व्हीएमलिनझ नावाच्या मात्र चार फाइली आहेत, त्यात ६.१२ ची आहे.

प्रतिसाद

हेच शोधत होतो. ६.१२ चा कर्नल स्वतः बारा-तेरा एमबीचा, तो कसाबसा मावला. त्याची शिदोरी ऐंशी-नव्वद एमबीच्या घरात जाते आणि उरले होते नऊ. काल रात्री सरकून गेलेल्या ओळींमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' नक्की असणार.

यात चूक तुमची नाही. २०१९ मध्ये अडीचशेच्या आतबाहेरचा बूट भाग पुरून उरायचा. तेव्हापासून कर्नल वाढला आणि ग्राफिक्स कार्डांचं फर्मवेअर त्याहून जास्त फुगलं. तेराच्या रिलीज नोट्समध्ये यावर वेगळी सूचना आहे: बूट भाग निदान ७६८ एमबीचा असावा, त्यात ३०० च्या आसपास जागा मोकळी असावी, आणि ज्यांची सिस्टीम डेबियन १० किंवा त्याआधीची आहे त्यांना ही अडचण येण्याची शक्यता फार आहे. रिलीज नोट्स लांबलचक असतात, पण अपग्रेडच्या आधी काय तपासायचं तो भाग तेवढा वाचत जा.

आता साफसफाई. बूटमधल्या फाइली हाताने पुसू नका. तसं केलं तर पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीला) वाटतं की त्या अजून आहेत, आणि पुढच्या अपडेटला नवा गुंता होतो. त्याऐवजी:

आधी 'युनेम -आर' चालवा. जे नाव येईल त्या कर्नलवर तुम्ही आत्ता उभ्या आहात. तो काढायचा नाही. त्याचं नाव कागदावर लिहून ठेवा.

मग ५.१० चं लिनक्स-इमेज पॅकेज 'एपीटी पर्ज' ने काढा. ६.१ पैकी कागदावर नसलेलं दुसरंही तसंच काढा. दोन्ही एकाच आदेशात दिलीत तर बरं. एकेक काढलंत तर पहिल्यानंतर लगेच एपीटी नव्या कर्नलची शिदोरी बांधायला घेईल आणि जागा पुन्हा कमी पडेल.

नंतर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', म्हणजे काल अर्धवट राहिलेलं पूर्ण होईल. शेवटी 'अपडेट-ग्रब'. त्यात 'फाउंड लिनक्स इमेज' च्या खाली 'फाउंड इनिटआरडी इमेज' अशी जोडी ६.१२ साठी दिसली पाहिजे. जोडी दिसेपर्यंत रीस्टार्ट करू नका.

धागाकर्ती

मी घाईत आधी फक्त ५.१० काढलं आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं, नो स्पेस लेफ्ट. या वेळी ओळ थांबून वाचली. मग ६.१ चं जुनं काढलं, कॉन्फिगर केलं, ग्रब अपडेट केलं. ६.१२ ची जोडी दिसली. इनिटआरडी ८८ एमबीची झाली आहे, बूटमध्ये ४४ एमबी शिल्लक.

रीस्टार्ट केलं. 'लोडिंग लिनक्स', त्याखाली 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क', मग पासवर्ड. ६.१२ वर सुरू झालं!

प्रतिसाद

अभिनंदन. मधे बोलतो, पण काम अजून संपलेलं नाही. ४४ एमबी शिल्लक म्हणजे पुढचं कर्नल अपडेट आलं की हाच खेळ पुन्हा. इतकंच काय, नवा कर्नल नसला आणि आहे त्याचीच शिदोरी पुन्हा बांधायची असली तरी अडेल. सिस्टीम आधी नवी फाइल पूर्ण तयार करते आणि मगच जुनी हटवते. पद्धत सुरक्षित आहे, पण तेवढा वेळ दोन्हींना जागा लागते. ८८ ला ४४ कसे पुरतील?

यावर तोडगा आहे. इनिट्रॅमएफएसच्या सेटिंग फाइलमध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट' अशी ओळ असते, म्हणजे जगातल्या बहुतेक मशीनना लागतील असे ड्रायव्हर बरोबर घ्या. ती 'मॉड्यूल्स=डेप' करा, म्हणजे फक्त या लॅपटॉपला लागणारे. मग ६.१२ साठी 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवा. आकार बराच उतरेल. एक तोटा लक्षात ठेवा: उद्या लॅपटॉप बिघडला आणि ही डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर ती त्यावरून सुरू होईलच असं नाही. डेटा मात्र दुसऱ्या मशीनवर पासवर्डने उघडेल.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, एक भर घालतो. ६.१ ची शिदोरी आहे तशी, पूर्ण भरलेली राहू द्या. '-के ऑल' देऊ नका, त्याने सगळ्याच कर्नलच्या शिदोऱ्या नव्याने बांधल्या जातात. 'डेप' ने बांधलेलीत काही कमी पडलं, तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून परत यायला एक वाट हवी.

धागाकर्ती

केलं. ६.१२ ची फाइल ८८ वरून ३४ एमबीवर आली, बूटमध्ये आता ९८ एमबी मोकळे आहेत. दोनदा रीस्टार्ट करून पाहिलं, दोन्ही वेळा नीट सुरू झालं. ६.१ ला हात लावला नाही आणि त्यावरूनही एकदा सुरू करून बघितलं.

शेवटचं विचारते. बूट भाग कायमचा मोठा करायचा असेल तर?

प्रतिसाद

त्याला लागूनच कुलूपबंद भाग आहे. तो आतून बाहेर, थर थर करत आवळावा लागेल: आधी फाइलसिस्टीम, मग एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर), मग एन्क्रिप्शन, मग पार्टिशन. एका पायरीला आकडा चुकला की सगळं गेलं. मी असतो तर सूची प्रकाशकाकडे पोचेपर्यंत काहीच केलं नसतं. नंतर एखाद्या निवांत दिवशी पूर्ण बॅकअप घेऊन कोरं इन्स्टॉल करा आणि बूटला १ जीबी द्या. पहिल्या प्रतिसादातला सल्ला तेव्हा लागू पडेल.

धागाकर्ती

पटलं. तोवर प्रत्येक अपडेटच्या आधी बूटची जागा बघेन. धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं घालता येतं का? मला तो पर्याय सापडत नाहीये. आता 'ष' पासून पुढे लागते.