पंखाखाली पाचवं इंजिन: अडकलेल्या विमानापर्यंत स्पेअर इंजिन पोचतं कसं?

उजळाईवाडीकर
जंबो जेटचा एक फोटो बघितला. डाव्या पंखाखाली दोनाऐवजी तीन इंजिनं. खाली लिहिलंय की तिसरं स्पेअर आहे, दुसऱ्या देशात अडकलेल्या विमानासाठी चाललंय. हे खरं का? खरं असेल तर ते चालू असतं का? विमान एका अंगाला कलत कसं नाही? आणि उद्या आपल्या उजळाईवाडीला (कोल्हापूर विमानतळावर) एटीआरचं, म्हणजे त्या दोन प्रॉपेलरच्या छोट्या विमानाचं, इंजिन गेलं, तर दुसरं येणार कशावरून? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

पॉड_पाच
फोटो खरा आहे. याला 'फिफ्थ पॉड' म्हणतात. ७४७ च्या डाव्या पंखात, बॉडी आणि आतल्या इंजिनाच्या मधे, त्यासाठी जागा आधीपासून ठेवलेली असते. तिथे वेगळा स्ट्रट (इंजिन टांगायचा आधार) बोल्टने बसवायचा आणि त्याला इंजिन टांगायचं. इंधन, वायरिंग, कंट्रोल काहीही जोडत नाहीत. म्हणजे ते इंजिन नसतंच, नुसता माल.

चालू नसलं तरी ते फिरू द्यायचं नाही, ही यातली खरी मेख. समोरून येणाऱ्या वाऱ्याने फॅन फिरायला लागला आणि ऑइलचा दाब नसला, तर पोचेपर्यंत बेअरिंग संपलं. म्हणून फॅनची पाती काढून ठेवतात किंवा तोंडावर फेअरिंग (गुळगुळीत झाकण) बसवून वारा अडवतात. काढलेली पाती आणि काउलिंगचे (इंजिनाच्या बाहेरच्या आवरणाचे) भाग खोक्यात भरून पोटातल्या कार्गो होल्डमधून जातात.

कलण्याचं म्हणाल, तर पॉडची जागा मुद्दाम बॉडीला खेटून ठेवली आहे. तिथे वजनाचा मोमेंट (विमान कलवणारा जोर) कमी पडतो, उरलेलं ट्रिमवर (तोल साधायच्या बारीक जुळणीवर) निभतं. त्रास वजनापेक्षा ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा. वेग कमी ठेवावा लागतो, इंधन जास्त जळतं, पल्ला घटतो. जानेवारी २०१६ मध्ये क्वांटासच्या ७४७ ने सिडनीहून जोहान्सबर्गला असं इंजिन नेलं, प्रवाशांसकट. एरवी ती फ्लाइट थेट जाते, त्या दिवशी पर्थला उतरून इंधन घ्यावं लागलं.

ही सोय ७०७, डीसी-८, व्हीसी१० यांनाही होती. आपल्याकडचं ठळक उदाहरण दुर्दैवी आहे. २३ जून १९८५ ला पडलेल्या एअर इंडियाच्या 'कनिष्क'च्या पंखाखालीही पाचवा पॉड होता, टोरांटोत बिघडलेलं इंजिन दुरुस्तीला परत आणत होते. पॉड बसवण्यात वेळ गेल्याने विमान टोरांटोहून उशिरा निघालं. अपघाताशी पॉडचा संबंध नव्हता, तो बॉम्बस्फोट होता. जुन्या चर्चांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते म्हणून लिहिलं.

आज हा प्रकार संपल्यात जमा आहे. दोन इंजिनांच्या नव्या विमानांना अशी जागाच दिलेली नाही, आणि दिली असती तरी ७७७ च्या जीई९०-११५बी इंजिनाचा फॅनच ३.२५ मीटर व्यासाचा. एवढं धूड कोण कुठे टांगणार? ७७७ मालवाहूच्या दाराची उंची ३.०५ मीटर, म्हणजे उभं इंजिन त्यातूनही जात नाही. फॅनचा भाग वेगळा करून न्यायचं, नाहीतर अँटोनोव्ह-१२४ भाड्याने घ्यायचं. त्याच्या होल्डची उंची ४.४ मीटर आहे.

शिरोली_बेअरिंग
वरचं सगळं बरोबर, पण कोल्हापूरच्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे: ट्रक. एटीआर ७२-६०० चं पीडब्ल्यू१२७एम इंजिन जेमतेम ४८० किलोचं. परदेशातून यायचं असेल तर मोठ्या प्रवासी विमानाच्या पोटातसुद्धा मावतं, तिथे मालाची उंची १.६ मीटरच्या आत बसली की झालं. मुंबई किंवा बंगळुरूपासून पुढे रस्ता. (विमानाने पाठवताना आधी इंधन निथळून काढावं लागतं. आत इंधन राहिलं तर तो धोकादायक माल, आणि तसं जाहीर केलं नसेल तर खोकं कार्गोतच अडकतं.)

४८० किलो म्हणजे काय, छोट्या टेम्पोत टाकून आणू, असं कुणालाही वाटेल. तिथेच घात होतो. फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये बॉल आणि रेसच्या (बॉल ज्या कड्यावर फिरतात त्याच्या) मधे ऑइलचा थर असतो. न फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये तो थर संपर्काच्या जागेवरून दबून बाजूला जातो. मग पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) गाडीत चार-पाचशे किलोमीटर बारीक थरथर बसली की बॉल त्याच जागी घासत राहतात आणि रेसवर ओळीने खळगे पडतात. फॉल्स ब्रिनेलिंग ते हेच. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ज्यांनी नव्याकोऱ्या मोटरचं बेअरिंग पहिल्याच दिवशी वाजताना ऐकलंय त्यांना जास्त सांगायला नको. विमानाच्या इंजिनात ते वाजेपर्यंत थांबता येत नाही.

म्हणून एअर सस्पेन्शनचीच (हवेच्या फुग्यांवर तोललेली) गाडी लागते. इंजिन ज्या क्रेडलवर (पाळण्यासारख्या सांगाड्यावर) असतं त्याच्या आणि खालच्या बेसच्या मधे रबरी शॉक माउंट असतात. दोर किंवा साखळी बांधायची ती फक्त बेसला. क्रेडलवरून किंवा इंजिनावरून आवळली की शॉक माउंट निकामी, कारण गाडीचा धक्का साखळीतून थेट वर जातो. बांधणारा भला माणूस 'हलायला नको' म्हणून आणखी एक पट्टा वरून टाकतो आणि सगळ्यावर पाणी फिरवतो. फोर्कलिफ्टचे दातही बेसच्या खाचांतच जायला हवेत.

या स्टँडवर (क्रेडल आणि बेस मिळून स्टँड) धक्के नोंदणारा शॉक रेकॉर्डर असतो. ठरलेल्या मर्यादेवर धक्का नोंदला गेला तर इंजिन पोचूनही बसवता येत नाही, आधी तपासणी. खंबाटकीची वळणं चालतात, हळू घ्यायची. महामार्गाच्या कामावरचे डायव्हर्शन आणि गावाजवळचे रंग न दिलेले स्पीडब्रेकर जास्त वाईट. बंगळुरूकडून आलं तर निपाणीजवळचा तवंदी घाट सोडला तर रस्ता बरा.

उजळाईवाडीकर
लई भारी माहिती. मग एक शंका. चालू असलेल्या एका इंजिनावर रिकामं विमान मुंबईला नेऊन तिथेच बदललं तर?

पॉड_पाच
नाही. चार इंजिनांचं विमान तीन इंजिनांवर, प्रवासी न घेता, खास परवानगीने हलवता येतं. दोनाच्या विमानाला ती सोय नाही. आधीच एक बंद असताना दुसरं टेक-ऑफला गेलं तर हातात काय उरलं?

लाइन_एएमई
ट्रक दारात आला म्हणजे काम झालं असं नाही. पहिला प्रश्न कागदांचा. फॉर्म १ (बसवायला योग्य असल्याचा दाखला), लाइफ-लिमिटेड पार्ट्सची (ठरावीक आयुष्याच्या भागांची) किती सायकल (उड्डाणं) शिल्लक त्याची यादी, आधीच्या ऑपरेटरचं 'अपघातात सापडलेलं नाही' हे पत्र, यातला एक कागद कमी असला तरी ते इंजिन बसवता येत नाही. सिरियल नंबरचा एक आकडा चुकला तरी तेच. व्हेरियंट आणि मॉडिफिकेशनची पातळी विमानाशी जुळते का, हे गाडी निघण्याआधी बघायचं, उजळाईवाडीत नाही.

मग इंजिन ज्यात बंद करून येतं ती पिशवी. आतल्या आर्द्रता कार्डाचा निळा ठिपका गुलाबी झाला असेल तर बाष्प शिरलंय. जुलैत कोल्हापूरच्या पावसात पिशवी फाटकी निघाली तर हे ठरलेलंच.

दुसरं, इंजिन किती 'नागवं' आलंय ते. सगळ्या ॲक्सेसरीज (पंप, जनरेटर वगैरे) चढवून आलं तर बरं. नाहीतर जुन्यावरून एकेक काढून नव्यावर चढवा, प्रत्येक ठिकाणी नवी सील आणि नवी ओ-रिंग. इंजिन आलं आणि दहा रुपयांच्या ओ-रिंगसाठी विमान उभं, हे नेहमीचं.

बदलताना आधी प्रॉपेलर उतरतो. सहा पाती, ३.९३ मीटर व्यास, त्याची स्लिंग आणि ठेवायचं स्टँड वेगळं. उघड्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) वारा सुटला की उचलण्याचं काम थांबवायचं, घाई करायची नाही. बसवून झालं की गळती तपासणी, ग्राउंड रन (जमिनीवरच इंजिन चालवून बघणं), एटीपीसीएस (टेक-ऑफला एक इंजिन गेलं तर दुसऱ्याची ताकद आपोआप वाढवणारी यंत्रणा) टेस्ट, प्रॉपेलरचं व्हायब्रेशन, आणि रननंतर चिप डिटेक्टर (ऑइलमधले धातूचे कण पकडणारा भाग) काढून बघणं.

एक गोष्ट यादीतून हमखास सुटते: रिकामं स्टँड. नवं इंजिन आपल्या स्टँडवर बसून येतं, पण जुनं आधी उतरवावं लागतं, ते ठेवणार कशावर? म्हणून पहिल्याच गाडीत दोन स्टँड मागवा, आणि रिकामं स्टँड त्याच मॉडेलच्या इंजिनाचं आहे ना, हे फोनवर नाही, फोटो मागवून बघा.