एकाच नावाच्या सीडी, एक डबा चालतो अन् दुसरा नाही, असं का?

चोपडेकर:
मंडळी मदत हवीय. २००६ मधे आजीची आणि तिच्या बहिणींची कानबाईची अन् लग्नाची अहिराणी गाणी कॅसेटवरून घेऊन कोऱ्या सीडींवर राइट करून ठेवली होती, २२ सीडी. आता आजी नाही, कॅसेटीपण नाहीत. परवा लावल्या तर ९ लागतच नाहीत, ड्राइव्ह नुसता घुरघुरतो. सगळ्या एकाच नावाच्या, जळगावच्या एकाच दुकानातल्या, फक्त डबे दोन वेळा घेतलेले. निळसर हिरव्या तळाच्या सगळ्या चालतात, फिकट पोपटी तळाच्यांपैकीच या ९ गेल्या. चांगली कंपनी म्हणून जास्त पैसे मोजले होते हो.

भुसावळ_लोको:
दादा, डब्यावरचं नाव वेगळं अन् बनवणारा कारखाना वेगळा. खूप ब्रँड स्वतः सीडी बनवायचेच नाहीत, तैवानच्या रायटेक किंवा सीएमसीकडून नाहीतर आपल्या नोएडाच्या मोझर बेअरकडून घ्यायचे अन् वर आपलं नाव छापायचे, म्हणून त्याच नावाच्या पुढच्या डब्यात दुसऱ्याच कारखान्याचा माल निघायचा. खरा बनवणारा बघायचा तर सीडी रायटरमधे टाकून इमेजबर्न या सॉफ्टवेअरमधे डिस्क आयडी बघा, म्हणजे बनवणाऱ्याचा कोड, तो वेळेसारखा लिहिलेला असतो, उदा. ९७ मि. २४ से. ०१ फ्रेम म्हणजे जपानची तायो युडेन. त्यांनीच १९८८ मधे पहिली सीडी-आर, म्हणजे राइट करायची कोरी सीडी, काढली, माझ्यासाठी आजही तीच सगळ्यात भरवशाची.

रंगाचं म्हणाल तर तो डायचा, म्हणजे ज्या रंगद्रव्याच्या थरावर गाणी राइट होतात त्याचा. निळसर हिरवा म्हणजे बहुतेक सायनिन, फिकट म्हणजे थॅलोसायनिन, गडद निळा म्हणजे अॅझो. म्हणायला थॅलोसायनिन उन्हाला जास्त टिकतं, तरी तुमच्या त्याच गेल्या, म्हणजे डायपेक्षा वरचा चांदीचा थर अन् त्यावरचं लॅकर, म्हणजे संरक्षक लेप, तपासा. लॅकर कडेपर्यंत नीट बसलं नसेल तर दमट हवा आत शिरते अन् चांदी खराब होते.

अमळनेरची_माई:
भाऊ, ती सीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघ. कडेला सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथली चांदी गेली. आणि वर कागदी स्टिकर असेल तर ओढून काढू नको रे बाबा, खालचा थर स्टिकरसोबत निघून येतो! खालून १.२ मिमी प्लॅस्टिक असतं, वरून नुसतं लॅकर, खरी नाजूक बाजू छापलेलीच असते.
ठेवल्या कुठे होत्या? पत्र्याच्या खोलीत असतील तर आपल्याकडचा मे महिना काही सोडत नाही.

चोपडेकर:
माई, ९ पैकी ६ सीडींना कडेला ठिपके आहेत. सगळ्या धाब्याच्या घरात लोखंडी पेटीत होत्या, तिथं गारवा असतो पण पावसाळ्यात ओल येते. अन् लोको भाऊ, दोन्ही डब्यांचे डिस्क आयडी खरंच वेगळे निघाले.

भुसावळ_लोको:
गाणी आतून बाहेर लिहिली जातात, कडेचे ठिपके म्हणजे शेवटची गाणी जातील, आधीची बहुतेक निघतील. ऑडिओ सीडी असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, एमपीथ्री फायली असतील तर डीडीरेस्क्यू, या सॉफ्टवेअरनी गाणी काढा, अन् दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमधे लावून बघा, एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. चालणाऱ्या १३ आधी आजच कॉपी करा.

चोपडेकर:
१३ झाल्या, दोन हार्डडिस्कवर. मित्राच्या जुन्या रायटरमधे बंद पडलेल्यांपैकी ४ लागल्या, एकीत हळदीची गाणी निघाली, मधेच आजी मावशीला म्हणते "थांब वं, मना सूर चुकना". उरलेल्या ५ घेऊन रविवारी भुसावळला येतो भाऊ, तुमचा ड्राइव्ह तयार ठेवा.